बसून खाणारा

मंगळवारी अंजनाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, तेव्हा धाकट्या दिरांचा निरोप आला : दादांचा ट्रॅक्टर न्यायला दुपारी भंगारवाला येतोय. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांच्या त्या जुन्या ट्रॅक्टरवरच बाईंची शेती उभी होती.

दुपारी दीर आले. हणमंतराव, माजी सरपंच. भंगारवाल्यासमोरच म्हणाले, “वहिनी, रोज सकाळी बॅटरी उतरलेली असते. डायनामो मेलाय, चार्जिंगच होत नाही. आता हट्ट सोडा.”

भांडायचं त्राण बाईंत नव्हतं. सकाळी गड्यानं धक्का मारून सुरू केलेला आणि शेतातून नुकताच परतलेला ट्रॅक्टर त्यांनी बंद केला आणि चावी दिरांच्या हातात ठेवली. मग बॅटरीची वायर काढून पुन्हा टेकवली. चर्रकन ठिणगी उडाली.

“सगळं बंद आहे ना, भाऊजी? मग करंट जातोय कुठं?”

हणमंतरावांनी आपल्या भाषणांसाठी सीटखाली ॲम्प्लिफायर बसवला होता. तो चालूच राहिलेला. बाईंनी त्याची जोडणी उपटली आणि वायर पुन्हा टेकवली. या वेळी ठिणगी उडाली नाही.

“डायनामो दिवसभर कमावतोय, भाऊजी. रात्रभर बसून खाणारा वेगळाच निघाला.”

भंगारवाला हसू दाबत रिकामा टेम्पो घेऊन गेला.

कागदोपत्री ट्रॅक्टर अजून नवऱ्याच्याच नावावर होता. ते नाव बदलून घ्यायचं बाईंकडून राहूनच गेलं, आणि त्याच बळावर दिरांनी तो विकायला काढला होता.