दारावरून परत गेलेली वैदीण

फार फार जुना काळ. तेव्हा वैद्य घरी येऊन बसायचा, वाटीभर ताक प्यायचा, घरातल्या लहानथोरांची विचारपूस करायचा आणि मग नाडी बघायचा. गेले ते दिवस, बाळांनो. आठवले की अजून जीव हळहळतो.

त्या काळी एका राज्यात तापाची साथ आली. काही केल्या ताप हटेना. राजवैद्यांची बायकोही अंथरुणाला खिळली. तेव्हा राजवैद्यांनी देशोदेशीचे जाणते बोलावून घेतले. समुद्रापलीकडून एक हकीम आला आणि बर्फाच्या डोंगरांतून एक म्हातारी वैदीण आली. हकीम असा तावातावाने बोलायचा, की भांडतोयच असं वाटावं. त्याच्या मुलखात तीच आपुलकी. वैदीण मात्र सभेत मान खाली घालून बसायची.

काय रंगायच्या त्या सभा! दिवसदिवस पाला कुटायचा, मुळ्या उगाळायच्या, चव घेऊन बघायची. शेवटी वैदिणीच्याच डोंगरातल्या एका मुळीचा काढा ठरला. राजवैद्यांनी भर सभेत विचारलं, "कुणाची काही हरकत?" हकिमाने दोन शंका काढल्या, त्या मिटल्या. वैदीण गप्प राहिली. मौन म्हणजे संमती, असं धरून राजवैद्य उठले. माणूस मोठा शहाणा, पण इथे फसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैदीण त्यांच्या दारी आली. पहारेकऱ्याने बजावलं, काय असेल ते सभेत बोला. त्याच्या पुढल्या दिवशीही ती आली आणि तशीच परत गेली.

नवं औषध दुसऱ्याच्या घरी आधी द्यायचं नाही, असा राजवैद्यांचा बाणा. त्यांनी काढा पहिल्यांदा बायकोलाच पाजला. ताप उतरला, पण तिचे डोळे गेले.

राजवैद्य धावत वैदिणीकडे गेले. "तुम्हाला ठाऊक होतं, मग सभेत बोलला का नाहीत?"

तिचे डोळे भरून आले. "आमच्याकडे थोरांची चूक चारचौघांत काढत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चुलीपाशी बसून सांगतात. त्या मुळीचं पहिलं उकळलेलं पाणी ओतून टाकायचं असतं, एवढंच सांगायला दोनदा आले होते. दारात ओरडायला हवं होतं मी. माझंही चुकलंच."



पुढे पहिलं पाणी ओतून टाकून काढा केला, तो सगळ्यांना मानवला. परमुलखातला कुणीही जाणता आला, की राजवैद्य स्वतः त्याच्या मुक्कामी जात आणि आधी विचारत, "तुमच्याकडे 'नाही' कसं सांगतात?"

साथ हटली तेव्हा लोकांनी वाजतगाजत त्यांची मिरवणूक काढली. शेजारी बसलेल्या बायकोने हळूच विचारलं, "अहो, गर्दी केवढी आहे?"

तात्पर्य : परमुलखातल्या माणसाबरोबर काम करायचं, तर त्याचं मत विचारण्याआधी तो मत कसं सांगतो, ते विचारून घ्यावं.