गोधडीत बांधलेला भोंगा

“पण बुवा, प्रत्येक फंक्शननं काहीतरी छापलं नाही, तर प्रोग्राम चालतोय हे मला कळणार कसं?”

मठाचे बुवा अंगणात बसून नदीचं पाणी निरखत होते.

विचारणारा सुधन्वा शहरात शिकून मठात आला होता. नदीचं पाणी मोजणारा पायथन प्रोग्राम त्यानंच लिहिला, फंक्शन नावाच्या तीन तुकड्यांचा. एक फंक्शन पाणी मोजी, दुसरं कालच्याशी ताडून पाही, तिसरं धोका तपासी. तिन्हींत त्यानं प्रिंटची, म्हणजे छापायची, ओळ घातली होती. आणि जे छापलं जाई, ते खालच्या वस्तीतला भोंगा मोठ्यानं वाची.

सकाळपासून भोंगा चाळीसदा बोलला. “पाणी मोजलं. धोका तपासला.” धोका हा शब्द कानी पडताच बायका पोरं काखोटीला मारून टेकडी चढल्या. तीनदा चढल्या. चौथ्यांदा कुणी उठलं नाही. दुपारी वस्तीतल्या रखमाक्कानं भोंग्याला गोधडी गुंडाळली.

आणि आता पाणी खरंच चढत होतं. घाटाची खालून दहावी पायरी बुडाली की ते वस्तीत शिरतं.

“घाटावर जा. बघून ये,” बुवा म्हणाले.

सुधन्वा धावत परतला. “सातवी बुडाली! बुवा, सातवी!”

अंगणात जेवायला बसलेली माणसं ताडकन उठली. कुणाच्या तरी हातातलं ताट पडलं.

“विचारलं मी होतं, बाळा... त्यांनी नाही. पुन्हा जा.”

या खेपेला तो ओठ मिटून आला. मठाची जुनी रीत त्याला आठवली. पाणी बघणारा बोलत नाही, जितक्या पायऱ्या बुडाल्या तितकी ओली बोटं बुवांच्या हातावर टेकवतो.

त्यानं बोटं टेकवली. आठ.

बुवांनी ते गार हात जरा वेळ धरून ठेवले...

मग सुधन्वा कॉम्प्युटरसमोर बसला. प्रिंटच्या तिन्ही ओळी खोडल्या. फंक्शनांनी आता उत्तर नुसतं परत द्यायचं, छापायचं ते शेवटी, एकाच जागी, तेही गरज पडली तरच. पडदा गप्प झाला. प्रोग्राम चालतोय की थांबलाय, हे त्याला दिसेना.

“चल,” बुवांनी काठी घेतली. “गोधडी सोडायला.”

रखमाक्का भोंग्याखालीच उभी होती. “आता काय बोलणार हो तुमचा पोपट?”

सुधन्वाला सगळं एकदम सांगायचं होतं. मोजलेलं, ताडलेलं, तपासलेलं. तो बुवांकडे वळला.

“बुवा... मला फार भीती वाटते.”

बुवांनी त्याच्या छातीवर हात ठेवला.

“ती इथं राहू दे. अक्काला फक्त पायरी सांग.”