रंग लागण्याआधी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, बाबांनो. तेव्हा खाजणवाडीला रस्ता नव्हता. देवीच्या जत्रेला खाडीच्या पलीकडच्या काठाची माणसं होड्यांनी येत, देवळापुढचं नाटक बघत आणि ओहोटीच्या आत परत जात. म्हणून आपलं नाटक भर दुपारचं.

नाटक अख्ख्या गावाचं. मांडव कुणी घालायचा, मृदंग कुणी धरायचा, सगळं ठरलेलं. राजा व्हायचा बाबल घाडी. असं म्हणतात, त्याने आरोळी ठोकली की पलीकडच्या काठावर चरणाऱ्या म्हशी माना वर करायच्या. गावाने त्याला असं डोक्यावर घेतलं होतं की त्याचे पाय जमिनीला लागेनात.

द्वारपाल होता धाकू मेस्त. त्याला एकच वाक्य होतं, "महाराज, शत्रू वेशीवर आला." धाकू तोतरा. माडांना पाणी घालताना वर्षभर तो तेवढंच घोकायचा. राजाचा चेहराही द्वारपालानेच रंगवायचा, ही गावची रीत.

एका जत्रेत धाकू पहिल्याच अक्षरावर अडकला. बाबलने सिंहासनावरूनच तसाच ओठ वाकडा करून त्याची नक्कल केली. लोक हसून लोळले. धाकूही थोडा हसला, भाला भिंतीला टेकवून आत गेला आणि त्या दिवसापासून कुणाशी एक शब्द बोलला नाही.

महिन्याभराने त्याची आई बाबलच्या दारात आली. भांडली नाही, रडलीसुद्धा नाही.

"वरीसभर ता एक वाक्य घोकत होतो रे माझो झील," एवढंच म्हणाली आणि गेली.

बाबल तसाच ओटीवर बसून राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण जाईना. वाटेत धाकू दिसला की तो बांधावरून उतरून शेतातून जायचा. माफी मागायची रोज ठरवायचा, रोज उद्यावर ढकलायचा. एवढा मोठा राजा, आणि दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

पुढची जत्रा आली. धाकू येणार नाही, असं सगळे धरून चालले होते. पण रंगवायचं काम त्याचं, म्हणून तो आला. पिवळा रंग खलून बाबलसमोर मांडी घालून बसला आणि बोटाने त्याचं कपाळ रंगवू लागला. इतक्या जवळून बाबलने त्याच्याकडे वर्षभरात पाहिलं नव्हतं. आता तरी बोलावं, असं त्याला फार वाटलं. पण रंग वाळेपर्यंत ओठ हलवायचे नसतात, रंग तडकतो. बाबलच्या डोळ्यांतून पाणी आलं नि रंगात ओघळ उठले. धाकूने ते पुसून पुन्हा रंग भरला. असं म्हणतात, सात वेळा भरला.

नाटक उभं राहिलं. बाबल सिंहासनावर बसला, तोंड उघडलं, तर आवाजच नाही. मृदंगवाल्याने तेच बोल दोनदा वाजवले. मग बाबलने मुकुट काढून खाली ठेवला आणि आतल्या बाजूला उभ्या धाकूला हात धरून लोकांसमोर आणलं.

"गेल्या वर्सा मी ह्या माणसाचा बोलणा चोरलंय," तो म्हणाला. "धाकू, माझा चुकला."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग तडकून जमिनीवर पडला. हसलेली माणसं खाली बघू लागली.

धाकूने भिंतीला टेकवलेला भाला उचलला. "म..." तो म्हणाला आणि अडकला. तेवढ्यात काठावरून हाक आली, पाणी उतरायला लागलंय. होडीवाले उठले.

"सावकास बोल, धाकू," बाबल म्हणाला. "आमका खंय जावचा आसा?"

उठलेले होडीवाले परत बसले. मृदंग गप्प झाला. असं म्हणतात, खाडीसुद्धा थांबली. धाकूचं वाक्य शेवटच्या अक्षरापर्यंत पुरं झालं, तेव्हा कुठे पाणी हललं.

बाबलने पुढे पुष्कळ वर्षं राजा केला, गावच्या पोरांना नाटकात बोलायला शिकवलं. लाज मात्र त्याला शेवटपर्यंत पुरली.

आता खाजणवाडीला पूल आहे, होड्या नाहीत. तरी द्वारपाल वाक्य बोलायला आला की आजही राजा सिंहासनावरून उठतो, मृदंग थांबतो आणि कुणी जागचं हलत नाही. आणि नाटकाआधी राजा द्वारपालासमोर बसतो. द्वारपाल रंगात बोट बुडवतो, पण लावत नाही. तो थांबतो. राजा म्हणतो, "माझा चुकला." मगच पहिलं बोट कपाळाला लागतं.