हुमल्यांची ठकू

फार वर्षांपूर्वी, कातळवाडीत अजून खोताचा शब्द चालायचा तेव्हा, ठकू नावाची एक बाई खोताची आमराई राखायची. राईत हुमले होते. हुमले म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या. पानाला पान जोडून घरटी करतात आणि डसले की भलाभला माणूस कळवळतो. ठकूला मात्र ते कधी डसले नाहीत, असं म्हणतात.

एका वैशाखात खोताकडे व्याही आले. त्यांना राई दाखवत खोत ऐटीत चालला होता, तोच एक घरटं त्याच्या मानेवर पडलं. खोत पगडी फेकून थयथय नाचला. व्याही हसले. गडीसुद्धा हसले.

ते हसणं खोताला सोसवेना. "सगळी घरटी जाळा!" त्यानं फर्मावलं.

गडी चुडी पेटवून आले. सगळ्यांत जुन्या आंब्याला पाठ लावून ठकू उभी राहिली.

"बाजूला हो. झाड माझं आहे."

"असंल तुमचं, खोतानू. पण झाडानं त्यांना घर दिलंन, नि ते झाडावर कीड टिकू देत नाहीत. दोघांचं ठरलेलं हाय. मोडायचं तर आधी माझं लुगडं पेटवा."

तेवढ्यात हुमले खोडावरून उतरले आणि ठकूच्या अंगावर पसरले. डोक्यापासून पायापर्यंत तिनं लाल शालू नेसलाय असं वाटलं. एकही डसला नाही. गडी चुडी टाकून पळाले.

खोतानं मग बाकीच्या झाडांवरची घरटी स्वतःच्या हातानं जाळली आणि ठकूला गाव सोडायला सांगितलं. ठकू त्याच आंब्यावर चढून बसली. शेजारणी भाकरी आणून द्यायच्या. पावसाळ्यात हुमल्यांनी तिच्या डोक्यावर पानं शिवून छप्पर केलं, थेंब गळला नाही, असं म्हणतात.

पुढच्या साली राईवर कीड पडली. मोहोर काळा पडून झडला. ठकूच्या आंब्याच्या फांद्या तेवढ्या फळांनी जमिनीला टेकल्या.

खोत अनवाणी आला. "ठकू, थोडे हुमले दे."

"माझे कुठं हायत? त्यांच्याकडे मागा. घरट्यात हात घाला, नि काढू नका."

खोतानं हात घातला. कोपरापर्यंत सुजला, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण हात काढला नाही. तेव्हा कुठे ठकू खाली उतरली आणि तिनं झाडापासून झाडापर्यंत वेली ताणून बांधल्या. त्या वेलींवरून हुमले रांगेनं पुन्हा राईभर गेले.

ठकू कधी गेली, कोणी सांगत नाही.

आजही कातळवाडीत आंबा उतरवायच्या आधी मालक स्वतः घरट्याला उघडा हात लावतो. पहिला चावा मालकाचा, मग गडी झाडावर चढणार. सरपंचालाही सूट नाही.

मध्यंतरी एक साहेब फवारणीचा पंप घेऊन आले होते. बायका राईच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"फवारा की," त्या म्हणाल्या. "पण ठकूच्या नावानं आधी हात घाला."

साहेबांनी घरट्याकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि पंप उचलून चालू लागले.