मालनची पोलादी साखळी

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ही फार जुन्या काळची हकीकत आहे. इतक्या जुन्या काळची की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. त्या राज्यात नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. गावात घरोघरी रंगाचे हौद होते आणि नदीच्या वाळवंटात निळी, तांबडी, पिवळी लुगडी सुकत पडलेली असायची.

त्या गावात मालन नावाची मुलगी सून म्हणून आली. ती डोंगराकडच्या गरीब घरातली. माहेरी तिने सोनं पाहिलं होतं ते दुसऱ्यांच्या गळ्यात. लग्नानंतर सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, आणि सोयराबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, पदराच्या गाठीतून एक साखळी काढली. पिवळीधमक, बारीक कड्यांची, उन्हात धरली तर डोळे दिपावेत अशी.

"ही तुला," सासूबाई म्हणाल्या. "रोज घाल हं. हौदावर, नदीवर, चुलीपाशी, कुठेही. काढून ठेवू नकोस. तुझ्या सासऱ्यांनी राजधानीतून मुद्दाम करवून आणली होती."

मालनने मान डोलावली. पण तिचं निम्मं लक्ष त्या चकाकीत अडकलं होतं. एवढं सोनं! आणि सासूबाई म्हणतात हौदावर घाल! तिला वाटलं, सासूबाई भोळ्या आहेत, यांना सोन्याची किंमत कळत नाही. साखळी कशाची आहे हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. पिवळं चमकतं ते सोनंच, एवढंच तिला ठाऊक होतं.

तिने साखळी फडक्यात गुंडाळली आणि तांदळाच्या मडक्यात तळाशी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती मोकळ्या गळ्याने हौदावर उभी राहिली. सासूबाईंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"साखळी कुठाय गं?"

"ठेवलीय जपून," मालन म्हणाली.

सासूबाईंच्या मनाला लागलं. हिला आवडली नाही, सुनेला खरं सोनं हवं असणार, असं त्यांनी धरलं आणि त्या गप्प बसल्या. अशा रीतीने एकाच घरात दोन बायका एकाच साखळीबद्दल दोन वेगवेगळ्या गोष्टी मनात धरून राहिल्या. विचारलं मात्र दोघींपैकी एकीनेही नाही.

सोनं म्हटलं की त्याच्यापाठोपाठ काळजी आली. मालनला कुणी दार ढकललेलं आवडेनासं झालं. बोहारीण अंगणात आली तरी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राही. सणाला साखळी गळ्यात घातली की दिवसभर हात गळ्याशीच. सण संपला की साखळी पुन्हा मडक्यात जायची.

एकीवरच तिचा विश्वास होता. ती म्हणजे शेजारची गिरजा. गिरजा विधवा होती. घरापुढे तिची भट्टी होती. फुटाणे, चुरमुरे, लाह्या भाजून ती विकायची आणि त्यावर एकटीचं पोट चालवायची. सासरी आल्या आल्या मालनला घरची आठवण येऊन रडू कोसळे, तेव्हा हिनेच तिला भट्टीपाशी बसवून गरम फुटाणे ओंजळीत दिले होते. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं होतं.

एका वर्षी सासूबाई आणि मालनचा नवरा रंगवलेली लुगडी घेऊन लांबच्या जत्रेला गेले. ते गेले आणि इकडे मालन तापाने फणफणली. अंगात उभं राहायची ताकद नाही, पाणी द्यायला कुणी नाही. गिरजाला कळलं तशी तिने भट्टी विझवली आणि ती मालनच्या घरी येऊन राहिली. कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पेज भरवली. आजारपणात घाण झालेली अंथरुणं नदीवर नेऊन धुतली. ताप उतरला तेव्हा मालन तिचा हात धरून म्हणाली, "तू माझी आईच झालीस गं."

गिरजा हसली. "आई नको, शेजारीणच बरी. आईचं पोरी ऐकत नाहीत."

मालन हिंडूफिरू लागली. चार दिवसांवर सण होता. तिने मडक्यात हात घालून साखळी काढली. फडक्याला तांदळाची पूड लागली होती, साखळी थोडी मळल्यासारखी वाटली. मग तिने घरातली पितळी भांडी घासतात तशी चिंच घेतली, राख घेतली आणि साखळी खसाखसा घासली. चमकावी म्हणून आणखी जोर लावला. पाण्यातून काढून पाहते तो काय, मागे मानेवर अडकवायच्या आकड्याजवळचा पिवळा रंग निघून गेला होता, आणि खालून राखाडी धातू दिसत होता.

मालनने साखळी दारातल्या उजेडात नेऊन पुन्हा पाहिली.

सोनं कधी राखाडी होतं का? ही माझी साखळी नव्हेच. माझी कुणीतरी नेली आणि ही खोटी आणून ठेवली. पण कुणी? घरात कोण आलं होतं? मडक्याला कुणाचा हात लागला होता?

बाळांनो, एकदा मनाने असा रस्ता धरला की ते एकाच दारापाशी जाऊन थांबतं. मालनने रात्र तळमळत काढली आणि सकाळी ती नदीवर गेली. तिथे साऱ्या गावच्या बाया लुगडी आपटत होत्या. गिरजाही चणे धूत बसली होती.

"गिरजा," मालन म्हणाली, "माझ्या तांदळाच्या मडक्यात हात घातला होतास?"

"घातला होता की. तुझ्यासाठी पेज करायला तांदूळ नकोत का?" गिरजा म्हणाली. "आणि हो, सांगायचं राहिलंच. तळाशी तुझी साखळी सापडली. मी ती पुसली आणि होती तशी परत ठेवली. अगं, तांदळात कशाला ठेवतेस?"

ती सरळपणाने बोलली. पण त्या सरळ बोलण्याचाच फास झाला.

"ऐकलंत ना?" मालन इतर बायांकडे वळली. "हिनेच काढली. माझं सोनं घेतलं आणि हे लोखंड ठेवलं. मी बेशुद्ध पडले होते, आणि ही माझं घर धुंडाळत होती!"

आपटण्याचे आवाज थांबले. गिरजा उभी राहिली. तिच्या हातातून चणे ओघळून पाण्यात गेले.

"मी जी पाहिली तीच ठेवली," ती एवढंच म्हणाली, आणि टोपली उचलून निघून गेली.

रडली नाही, भांडली नाही, तिथेच लोकांना तिच्यावर संशय आला. चोर असल्याशिवाय कुणी असं मुकाट जाईल का, असं ते म्हणू लागले. भट्टीवर येणारं गिऱ्हाईक कमी कमी होत गेलं. मुलं चुरमुऱ्यांसाठी हट्ट करायची तर आया त्यांना ओढून न्यायच्या. शेवटी एक दिवस भट्टी पेटलीच नाही. गिरजाने कढई, चाळण आणि दोन लुगडी बांधून ठेवली. माहेरी भाऊ नव्हता, पण लांबची एक मावशी होती. तिच्याकडे जायचं तिने ठरवलं.

त्याच दिवशी जत्रेहून बैलगाडी परत आली. गाडीतून उतरताच सोयराबाईंची नजर शेजारी गेली.

"भट्टी थंड का गं? गिरजा आजारी आहे का?"

मालनने त्यांना घरात नेलं. साखळी पुढे टाकली आणि सगळं सांगितलं. सांगताना तिला हुंदका आला. "तुम्ही दिलेलं सोनं मला सांभाळता आलं नाही, सासूबाई."

सोयराबाईंनी साखळी उचलली, उलटीपालटी करून पाहिली. आधी त्यांना हसू आलं. मग ते हसू ओठांवरच थांबलं.

"मालन, ही तीच साखळी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ही सोन्याची नव्हतीच कधी."

सोयराबाईंनी तो घासलेला भाग तिच्यापुढे धरला.

"ही पोलादाची. तेही साधं नव्हे, न गंजणारं. वरून नुसतं सोन्याचं पाणी चढवलेलं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. माझे हात दिवसभर हौदात असायचे. सोन्याची साखळी दोनदा तुटली, नदीत गेली. तेव्हा तुझे सासरे राजधानीतल्या कारागिराकडे गेले. तो म्हणाला, बाईंनी ही खुशाल घामात, पाण्यात घालावी. तुटायची नाही, गंजायची नाही. मऊ फडक्याने पुसावी. चिंच आणि राख लावू नये, सोन्याचं पाणी निघून जाईल. आणि कधीतरी, मानेवर घासून घासून, ते तसंही निघेल. त्यात फसवणूक नाही, तिचा स्वभावच तो."

"मग तुम्ही मला हे सांगितलं का नाही?"

"रोज घाल म्हटलं, त्यात सारं आलं असं मला वाटलं. तू काढून ठेवलीस, तेव्हा वाटलं की तुला कमी वाटली. मी विचारायला हवं होतं." सोयराबाई खाली बसल्या. "माझंही चुकलं. पण माझ्या चुकीने माझंच मन दुखलं. तुझ्या चुकीने कुणाचं घर उठतंय ते बघ."

मालन बाहेर धावली. शेजारच्या दाराला कडी होती. ती तशीच अनवाणी नदीच्या उतारावर पोचली. गिरजा डोक्यावर गाठोडं घेऊन नदी ओलांडायला पाण्यात उतरत होती.

"गिरजा, थांब! साखळी तीच होती. ती सोन्याची नव्हतीच. मीच घासून तिचा रंग घालवला. मला माफ कर. घरी चल."

गिरजा थांबली, पण वळली नाही. पाणी तिच्या पायांभोवती वाहत होतं.

"साखळी खोटी दिसली तर तू साखळीबद्दल कुणाला विचारलं नाहीस," ती म्हणाली. "सासूबाई येईपर्यंत थांबली नाहीस. आणि मी? तुझ्या उशाशी बसून होते मी. मला तरी काय ओळखलंस तू?"

मालन म्हणाली, "काही नाही ओळखलं."

तेव्हा गिरजा वळली. "इथे माझ्या कानात माफी मागू नकोस. जिथे बोललीस तिथे बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गर्दी होती. मालन साखळी गळ्यात घालून आली. राखाडी झालेला भाग तिने पदराखाली लपवला नाही. ती मोठ्याने बोलली. साखळी पोलादाची आहे, गिरजाने काही नेलं नाही, मी अडाणीपणाने एका चांगल्या बाईला चोर म्हटलं, हे तिने एकदा सांगितलं, आणि मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. कुणीतरी फिदकन हसलं, "अगंबाई, एवढा तोरा तो पोलादाचा होय!" मालनचे कान लाल झाले. पण ती जागची हलली नाही. ज्यांनी मुलांना भट्टीवरून ओढून नेलं होतं त्या बाया मात्र मान खाली घालून लुगडी पिळत राहिल्या.

संध्याकाळी भट्टी पेटली. फुटाण्यांचा वास गल्लीभर पसरला आणि गिऱ्हाइकं परत आली.

पण मैत्री भट्टीसारखी एका काडीने पेटत नाही. गिरजा मालनशी बोले ते कामापुरतं. दिलेलं घेत नसे आणि घरात पाऊल टाकत नसे. मालन रोज भट्टीपाशी जाई, लाकडं लावून देई, कढई घासून देई आणि परत येई. पावसाळा गेला, हिवाळा आला. एका थंड संध्याकाळी मालन काम आटोपून निघाली, तेव्हा गिरजाने पायाने पाट पुढे सरकवला.

"बस," ती म्हणाली. "फार गार झालंय."

मालन बसली. दोघींनी आपापले हात भट्टीपुढे धरले. मग गिरजाने कढईतले गरम फुटाणे मालनच्या ओंजळीत घातले.

तात्पर्य : हातात आलेली वस्तू काय आहे हे आधी विचारून घ्यावं, कारण न विचारता धरलेल्या समजापायी वस्तूची किंमत तर चुकतेच, पण जवळच्या माणसाचीही चुकते.