चमचाभर विरजण

"मग सांगा बाबा, घर घ्यायला मी तयार आहे का नाही?"

भैरूनं हे उभ्या उभ्याच विचारलं. ओढ्याकाठच्या झोपडीत गफूरबाबा फकीर तीन दगडांच्या चुलीवर दूध तापवत बसले होते.

"बस."

"बसायला वेळ नाही. पैसे जमलेत. नव्या इमारतीत जागा बघून ठेवलीय. तिथल्या दारांच्या लोखंडी जाळ्या माझ्याच हातच्या. अख्ख्या गावात विचारा, भैरूच्या वेल्डिंगला तोड नाही."

"मग मला कशाला विचारतोस?"

"आण्णा म्हणायचा, बाबांना विचारूनच घेऊ."

"घर हवं कशाला?"

"कुणाच्या दारात उभं राहायला नको म्हणून."

थोरल्या भावाला, आण्णाला जाऊन तीनच आठवडे झाले होते. खोकला वाढला तसं खोलीच्या मालकानं जागा सोडायला सांगितलं. आण्णानं स्वतःच्या हातानं वळकटी बांधली. भैरू टेम्पो घेऊन पोचला, तोवर त्याच वळकटीला टेकून आण्णानं प्राण सोडला होता.

बाबांनी दूध खाली उतरवून ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यात बोट बुडवून पाहिलं.

"कोमट झालंय. माझं विरजण संपलंय. त्या इमारतीतल्या कुणाकडून तरी चमचाभर मागून आण."

भैरू हसला. तासाभरात दह्याचं पाकीट घेऊन आला.

"हे घ्या. दुकानातलं. एकदम घट्ट."

"मागून आण म्हणालो होतो."

"आम्ही मागणारी माणसं नाही, बाबा. आण्णानं उभ्या जन्मात शेजाऱ्याकडं चिमूटभर मीठ मागितलं नाही." बोलताना त्याची मान ताठ झाली.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग तो एवढा आजारी आहे, हे शेजारच्या खोलीत कुणाला ठाऊक होतं?"

भैरूनं दह्याचं पाकीट खाली ठेवलं.

बाबांनी दूध पुन्हा चुलीवर ठेवलं. भैरू पाठ फिरवून चालू लागला.

इमारतीचा जिना चढून पहिल्याच दाराशी तो थांबला. जाळी त्याचीच, सांधा न् सांधा ओळखीचा. तरी कडी वाजवायला हात उचलेना. एकदा तो जिना उतरून खाली गेला. पुन्हा वर आला. वाजवली.

जाळीआडून एका म्हातारीनं पाहिलं.

"कोण रे?"

"मी... वरच्या मजल्यावर राहायला येईन म्हणतोय. चमचाभर विरजण मिळेल का, मावशी?"

"अजून यायचाय आणि विरजण आधी?" म्हातारीनं त्याला निरखलं. "तू जाळीवाला नव्हे का?"

"होय. मीच." भैरूची छाती जरा फुगली.

"दार करकरतंय तुझं. सगळ्या मजल्याला कळतं मी कधी बाहेर पडले ते."

"तेल घालून देतो."

"वाटी आणलीस का?"

"नाही."

"मागायला आलाय आणि हात हलवत," असं पुटपुटत ती आत गेली, आणि पितळेची छोटी वाटी घेऊन आली.

झोपडीपर्यंत भैरूनं ती वाटी दोन्ही हातांनी धरून आणली. लोकांचे दरवाजे खांद्यावर वाहिले होते त्यानं, पण असं जपून काही नेलं नव्हतं.

"मागून आणलं, बाबा. मी मागितलं." त्याची मान ताठच होती.

बाबांनी विरजण दुधात ढवळलं. भांड्यावर झाकण ठेवलं. वाटी धुऊन, पुसून भैरूच्या हातात दिली.

"आता सांगा. तयार आहे का नाही मी?"

"वाटी कुणाची?"

"खालच्या मावशीची."

"परत द्यायची ना?"

"द्यायलाच हवी. आत्ताच जातो."

भैरू उठायला लागला. बाबांनी त्याचा हात धरला.

"बस. दही लागू दे. रिकामी वाटी घेऊन कुणी घरी जातं का?"