सावरीचं पोट आणि घटोदराची पेटी

एका राज्यात पाहुण्याचा मान इतका मोठा होता, की त्या मानाखाली पाहुणा मेला तरी कोणाचा हात थांबत नसे. त्या राज्यात राजकन्या हैमवती दर्यापारच्या विद्यापीठातून घरी परतली.

तिला वाटलं होतं, महालाच्या पायरीवरच सावरी तिच्याकडे धावत येईल. पाठीची कमान करील, तिरक्या उड्या मारील, कुक्कुक् असा आवाज काढत थेट तिच्या बाहीत शिरेल. सावरी हा दर्यापारचा प्राणी. तिकडे त्याला फेरेट म्हणत. मुंगसाची चण, सावरीच्या कापसासारखं पांढरं अंग, आणि चमकणारी कुठलीही वस्तू पळवून बिळात लपवायची खोड. राजा धृतिवर्म्यानं निरोप धाडला होता, ‘अरुंद बिळातून एक पेटी काढायची आहे, त्या कामाचा प्राणी पाठव.’ म्हणून राजकन्येनं तिला आधीच्या गलबतानं पुढे पाठवलं होतं.

प्रत्यक्षात सावरी जरीच्या गादीवर आडवी पडली होती. कपाळाला कुंकू, गळ्यात शेवंतीची माळ, तोंडाभोवती वाळलेली खीर. गादीवर हिरवी, शेंबडासारखी घाण पसरली होती. डोळे अर्धे मिटलेले. दात करकर वाजत होते. त्या प्राण्याच्या पोटात कळ आली की ते असेच वाजतात. राजकन्येनं तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी आटलं होतं.

“आत्याबाई,” राजकन्या म्हणाली, “हिला काय खायला घातलंत?”

भानुमती आत्या राजाची थोरली बहीण. महालात घासभरण तिच्या हातून होत असे. राज्यात कोणी नवं आलं, मग ती सून असो, तान्हं मूल असो की जनावर, तर प्रत्येक घरानं त्याला आपल्या हातानं गोड घास भरवायचा, ही तिथली रीत.

“काय नाही घातलं ते विचार!” आत्याबाईंचा चेहरा खुलला. “केशराची खीर माझी. बासुंदी सेनापतींकडची. नगरशेटजींनी बत्तासे आणले, पुजाऱ्यांनी केळं तुपात कुस्करून दिलं. रांग पार वेशीपर्यंत गेली होती. हैमा, तुझ्या बारशालासुद्धा एवढी माणसं आली नव्हती.”

“मी खलाशाजवळ निरोप दिला होता. मांस आणि अंडं, त्याखेरीज काही नको.”

“मिळाला ना. मीच मुदपाकखान्यात सगळ्यांना सांगितला.”

“मग?”

आत्याबाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही. “दारात माणूस घास घेऊन उभा राहतो गं,” त्या शेवटी पुटपुटल्या. “मग…”

“मग काय? हात धरता आला नाही? दार लावता आलं नाही? ही जिवंत आहे, आत्याबाई! तुमच्या देवघरातली मूर्ती नाही, नुसता नैवेद्य दाखवायला!”

आत्याबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. दासी उभ्या राहिल्या. पहारेकरी उभे राहिले. कोणी एक शब्द उलट बोललं नाही, आणि त्यानं राजकन्येचा संताप दुप्पट झाला.

“ओरडू नकोस,” खिडकीतून कोणी म्हणालं. “त्यांच्याजवळ ते नाही.”

खिडकीत भारद्वाज पक्षी बसला होता. पंख विटकरी, डोळे लाल. त्या राज्यातले पक्षी गरज असेल तेव्हा बोलत.

“काय नाही?”

“नकार. तू दर्यापार गेलीस त्या वर्षी मांत्रिक घटोदरानं या राज्याचा नकार काढून घेतला. तांब्याच्या पेटीत कोंडला, पेटी टेकडीच्या बिळात ठेवली. तेव्हापासून दर उत्सवाला तो येतो आणि मागतो. पहिल्यांदा देवळातल्या घंटा मागितल्या. दिल्या. मग नदीचं वळण मागितलं. तेही दिलं. म्हणून नदी आता गावाकडे न वळता सरळ निघून जाते. यंदा सिंहासन मागणार.”

“महाराजांनी मला का कळवलं नाही?”

“लाज वाटली.”

राजकन्येनं दातओठ खाल्ले. “मुंगसं होती ना राज्यात? बिळात मुंगूस सोडायचं.”

“तीन सोडली. बिळाच्या तोंडाशी घटोदरानं धुराचा नाग ठेवलाय. मुंगूस नाग बघतं आणि तिथंच झुंजत राहतं. आत एकही गेलं नाही. हिच्या देशात नाग नाहीत. ही जाईल.” भारद्वाजानं सावरीकडे मान वळवली. “वाचली तर.”

“कशी वाचेल?”

“तीन नकार दे. तू गेलीस तेव्हा पेटी बंद झाली नव्हती, म्हणून तुझा तुझ्यापाशी आहे. पहिला मायेला दे. दुसरा सत्तेला. तिसरा तिला, जिच्यासाठी पहिले दोन देशील. एक जरी चुकला तर जनावर मरेल आणि पेटी बिळातच राहील.”

“आणि मी चुकले तर?”

“मग इतकी वर्षं तिकडे शिकत काय होतीस?” असं म्हणून भारद्वाज उडून गेला.

उत्सव आठवड्यावर आला होता.

राजकन्येनं माळ तोडली, कुंकू पुसलं, गादी बाहेर फेकली. मऊ जुन्या लुगड्याची घडी घालून काळोख्या कोपऱ्यात अंथरली. “खोली रिकामी करा,” ती म्हणाली. खोली रिकामी झाली. “कोंबडी उकडा. मीठ नको, मसाला नको. पाणी गाळून आणा.” आणलं. “या बाजूला कोणी आवाज करू नका.” महालाच्या त्या अंगाला इतकी शांतता पसरली, की स्वयंपाकी पळीसुद्धा खाली ठेवायला घाबरू लागले.

तिनं फडक्याचं टोक पाण्यात भिजवून सावरीच्या ओठांवर धरलं. एक थेंब. मग थांबायचं. मग दुसरा. पोटात राहिलं असं दिसल्यावर कोंबडीचं कोमट पाणी बोटावर घेतलं. सावरीनं ते चाटलं आणि पुन्हा मिटून गेली.

दार किलकिलं झालं. आत्याबाई आत आल्या. हातात चांदीची वाटी.

“खीर नाही हो,” त्या घाईनं म्हणाल्या. “दुधातली साय फक्त. साखरसुद्धा घातली नाही. अशक्त झालीये गं पोर. बोटभर दे. माझ्यासाठी.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तान्ह्या हैमवतीला त्यांनीच मांडीवर वाढवलं होतं. आई गेल्यावर याच हातानं तिनं पहिला घास खाल्ला होता.

“नको, आत्याबाई.”

तो शब्द राजकन्या दर्यापार गेल्यापासून महालात कोणी ऐकला नव्हता. बाहेर एका दासीच्या हातून तबक पडलं.

“हिचं आतडं आखूड आहे, वाघासारखं,” राजकन्या म्हणाली. “दूध, साखर, फळं यातलं तिला काहीच पचत नाही. आत गेलं की नासतं. घरापासून इतक्या लांब आली, आधीच बावरलेली, त्यात एका दिवसात सगळं खाणं बदललंत. तुम्ही माया भरवलीत, आत्याबाई, आणि हिच्या पोटात तिचं विष झालं.”

आत्याबाई वाटी घेऊन परत गेल्या. राजकन्येला त्यांची दया आली नाही. मारणाऱ्याच्या हातात तलवार असली की त्याला मारेकरी म्हणतात आणि वाटी असली की प्रेमळ म्हणतात, या विचारानं तिच्या कानशिलांत घण पडत होते.

सावरीनं डोळे उघडले. दातांची करकर थांबली. अंड्यातला पिवळा बलक कोंबडीच्या पाण्यात कालवून राजकन्या तिला चाटवू लागली. थोडं थोडं, पण वरचेवर. घाण हिरवी होती ती पिवळसर झाली. ती बातमी राजाच्या कानावर गेली, आणि राजा स्वतः आला.

“हैमवती, प्राण्यानं मान उचलली असं ऐकतो. आज त्याला बिळात सोड.”

“नको, महाराज.”

“मी राजा म्हणून सांगतो आहे.”

“मीही राजालाच सांगते आहे. तिच्या मागच्या पायांत जीव नाही. बिळात गेली तर आतच मरेल.”

“घटोदर सिंहासन मागेल.”

“मागेल! घंटा मागितल्या, दिल्यात. नदी मागितली, दिलीत. माझ्यापासून लपवून ठेवलंत. आणि आता तुमची भरपाई या मूठभर जिवानं करायची? तिनं तुमचं काय घेतलंय?”

राजाचा चेहरा लाल झाला. ‘नाही’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण त्याचा नकार टेकडीतल्या पेटीत असल्यामुळे ते तसंच मिटलं. तो निघून गेला.

तिसरा नकार सगळ्यांत अवघड निघाला.

सावरीला भूक लागली. बोटभर बलक संपताच ती वाटीशी झोंबू लागली, राजकन्येच्या दंडावर चढली, तिच्या हनुवटीला नाक घासलं, लहान लहान पंजांनी तिची बोटं उलगडायचा प्रयत्न केला. बरगड्या मोजता येतील अशी तिची दशा. बाजूला मांसाचा बारीक केलेला गोळा तयार होता. राजकन्येचा हात तिकडे गेला. मग तिला आठवलं, रिकामं पडलेलं आतडं एकदम भरलं तर ते पुन्हा उलटतं.

“नको, सावरी.”

सावरीनं तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. राजकन्या अंगठा तोंडात धरून रडली, पण गोळा झाकून ठेवला. त्या दिवशी नखभर मांस दिलं. दुसऱ्या दिवशी थोडं अधिक. त्याच्या पुढच्या सकाळी सावरीची लेंडी बांधीव पडली. विद्यापीठातून परतलेली ती राजकन्या गुडघ्यांवर बसून ती लेंडी अशी न्याहाळत राहिली, जशी दुसरी राजकन्या सासरहून आलेला दागिना न्याहाळेल.

उत्सवाच्या दिवशी सावरीनं पाठीची कमान केली, तिरकी उडी मारली आणि कुक्कुक् केलं.

राजकन्येनं तिला बाहीत घातलं आणि टेकडी चढली. बिळाच्या तोंडाशी धुराचा नाग फणा काढून डोलत होता. सावरीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या खालून सरळ आत गेली.

खाली महालात शिंगं वाजली. घटोदर आला होता. बीळ गप्प होतं. राजकन्या मातीला कान लावून पालथी पडली. आत खरखर झाली, थांबली, पुन्हा झाली. मग सावरीचं शेपूट दिसलं, मग पाठ, मग दातांत धरलेली तांब्याची कडी, आणि कडीमागे पेटी. चमकणारी वस्तू पळवायला तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

राजकन्येनं दगडानं कुलूप फोडलं. आतून कडुनिंबाच्या फुलांचा थवा उठला, नगरावर पसरला, आणि प्रत्येकाच्या जिभेवर एक एक फूल बसलं.

दरबारात घटोदर म्हणत होता, “राजा, यंदा सिंहासन दे.”

राजाच्या तोंडात कडू चव आली. “देत नाही,” तो म्हणाला.

“नाही,” प्रधान म्हणाला. “नाही,” सेनापती म्हणाला. स्वयंपाकी म्हणाले, दासी म्हणाल्या, कडेवरची पोरं म्हणाली. प्रत्येक नकारासरशी घटोदर वीतभर लहान झाला. शेवटी फरशीवर एक गोगलगाय उरली. भारद्वाज खिडकीतून उतरला आणि त्यानं ती खाल्ली. देवळांतून घंटा वाजल्या. नदी परत गावाकडे वळली.

त्या संध्याकाळी सगळे नाचत होते. राजकन्या नाचली नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता. तिनं दवंडीवाल्याला बोलावून सांगितलं, “उद्या सकाळी दवंडी पीट. घासभरण आजपासून कायमचं बंद. जो भरवील तो हद्दपार.”

सकाळ झाली. दवंडी वाजली नाही.

आत्याबाई तिच्या खोलीत आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. “दवंडीवाल्याला मी घरी पाठवलं.”

“कोणाच्या हुकमानं?”

“माझ्या. हैमा, ऐक. बाहेर हो म्हणालीस, झाले. गप्प बस म्हणालीस, बसले. तुझं पटलं म्हणून नाही गं. तोंडात नकारच नव्हता. आज आहे, म्हणून सांगते. नको. घासभरण बंद होणार नाही. आईविना पोर मी त्याच घासावर वाढवलीये.”

“आणि सावरी? ती मेली असती!”

“मेली असती. ते पाप माझं. त्यासाठी सगळ्या सुनांना आणि तान्ह्यांना उपाशी ठेवशील?”

राजकन्या ताडकन उठली. ‘मी राजकन्या आहे’ हे शब्द जिभेपर्यंत आले. आणि तिच्या ध्यानात आलं, की आठवडाभर तिनं जे जे मागितलं ते घटोदराला मिळत होतं तसंच तिला मिळालं होतं. समोरच्याला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून. ती उभीच राहिली. राग तिथंच होता, फक्त आता त्यातला काही तिच्या स्वतःकडे वळला होता.

“मग दवंडी अशी असू दे,” ती म्हणाली. “घास भरवा. पण पाहुण्याला काय चालतं ते आधी विचारा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या माणसाला विचारा. आणि त्यानं तोंड फिरवलं, तर हात मागे घ्या.” ती थांबली. “हे चालेल तुम्हाला?”

आत्याबाईंनी मुद्दाम वेळ घेतला. “हद्दपार वगैरे काही नाही ना त्यात?”

“नाही.”

“मग चालेल.”

राजकन्येनं दवंडीवाल्याला बोलावणं धाडलं नाही. पायांत वहाणा सरकवून ती स्वतःच त्याच्या घराकडे निघाली. तो हो म्हणेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.